पुढच्या सीटवरचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पण गाडी माझी, माझ्याच दारात उभी, किल्ली माझ्या खिशात, आणि तिच्या खिडकीतून हात घालून पुढच्या सीटवर रुमाल टाकायचा, वर मलाच दटावायचं, "मास्तर, हितं कुणाला बसू द्यायचं न्हाय, रुमाल हाय!" असा गृहस्थ अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे. आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. नशीब माझं, दुसरं काय!

गल्ली त्यांना आप्पा म्हणते. एसटीत कंडक्टर होते. नोकरीतली सव्वीस वर्षं कोल्हापूर-पन्हाळा या एकाच रस्त्यावर गेली, दिवसाला दोन फेऱ्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच वर्षी गेल्या, मी गल्लीत राहायला येण्याआधीच. मुलगा पुण्यात. घरात आप्पा, भिंतीवर दोन कॅलेंडरं आणि तिकिटाला भोक पाडायचा तो जुना चिमटा. तिकिटाची मशीनं आल्यावर चिमटे निकामी झाले, तेव्हा एक त्यांच्याकडं राहिला. तो कायम लेंग्याच्या खिशात असतो. प्रवासी गोळा झाले, म्हणजे माझे पाहुणे, की त्या चिमट्यानं माझ्या गाडीच्या टपावर टक्-टक् असं दोनदा वाजवायचं आणि ओरडायचं, "चला, गाडी सुटंल!" टपावरचा रंग तेवढ्या जागी उडालाय. गॅरेजवाल्यानं मला विचारलं, गारा पडल्या होत्या का?

तर प्रकार असा आहे. गल्लीत कुणाकडंही पाहुणा आला की त्याला पन्हाळा दाखवल्याशिवाय आप्पा परत जाऊ देत नाहीत. पाहुणा आलाय हे त्यांना घरच्यांच्या आधी कळतं. दारात परकी चप्पल दिसली, सकाळी सकाळी मटणाच्या दुकानातून कोणी जरा जास्त घेऊन आलं, कुकरची एखादी शिट्टी जादा झाली की आप्पा दारात हजर. "पावणं कवा आलं? पन्हाळा बघितलासा का?" नाही म्हटलं की संपलं. हो म्हटलं तरी सुटका नाही. "कवा बघितला? कुणी दाखवला? मग त्यो बघितला म्हणायचा न्हाय."

गाडी मात्र माझी. गल्लीत गाड्या आणखी तीन आहेत, पण त्यांचे मालक हुशार. रविवारी सकाळी सातलाच गाडी काढून कुठंतरी पसार होतात. मी शाळामास्तर. आठवडाभर शंभर पोरांपुढं घसा फोडून एक रविवार हाती येतो. तो अंथरुणात लोळत काढावा एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. दहा वर्षांत ती किती वेळा पुरी झाली ते विचारू नका. पन्हाळ्याचा रस्ता मला आता माझ्या जिन्यापेक्षा जास्त पाठ आहे.

माझे पुण्याचे मेव्हणे एकदा म्हणाले, आम्हाला फक्त रंकाळ्यावर जायचंय, भेळ खायची आणि परत यायचं. आप्पांनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "रंकाळा म्हंजे आपलं अंगण, पावणं. अंगणात उभं राहून कोण घर बघितलं म्हणतंय व्हय?" मेव्हण्यांनी नृसिंहवाडीचं नाव काढून बघितलं. देवाचं काम म्हटल्यावर तरी सुटू, असा हिशेब. आप्पा म्हणाले, "वाडी हाय की! दुपारनं जावा. देव काय आरामात भेटतोय. पन्हाळ्यावर ऊन व्हायच्या आत पोचाय पायजे." मेव्हणे दुपारी वाडीला गेलेच नाहीत. पन्हाळ्याहून आल्यावर पाय वर करून पडले ते थेट रात्रीच्या जेवणाला उठले.

कहर म्हणजे तो इचलकरंजीचा माणूस. आमच्याकडचं पाणी गाळायचं मशीन दुरुस्त करायला आला होता बिचारा. दारात परकी चप्पल बघितली आणि आप्पांनी त्याला पाहुणा ठरवला. तो वाटेतल्या वाघबिळाच्या फाट्यापर्यंत सांगत होता, "काका, मला अजून दोन ठिकाणी जायचंय." आप्पा म्हणत होते, "जायचंच हाय की. तीन दरवाजा, मग सज्जाकोठी. दोनच कशाला, सगळं बघायचं!" संध्याकाळी तो माणूस उतरला तेव्हा मात्र खूश होता. पुढच्या महिन्यात बायकोपोरांना घेऊन आला आणि मशीन फुकटात तपासून गेला. अशानं आप्पांना आणखी जोर चढतो.

आणि सासरे वारले तेव्हाची गोष्ट तर सांगायलाही संकोच वाटतो. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, भेटायला तिची मावशी आणि मावसबहीण आल्या. दोघी रडून रडून दमलेल्या. आप्पा आले, कोपऱ्यात बसले, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "मास्तर, दुःखात माणसानं जरा उंचावर जाऊन यावं. वारं लागलं की बरं वाटतंय." मी कपाळावर हात मारला. पण मावशी उठल्या की पदर खोचून! त्याही दिवशी मी गाडी काढली.

गाडीत आप्पा पुढं कधीच बसत नाहीत. मागं, पाहुण्यांच्यात, कडेला अर्धे बसतात, तोंड सगळ्यांकडं करून. उभं राहता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. पुढच्या सीटवर रुमाल. मागं चार माणसं एकमेकांच्या मांडीवर, शेजारी सीट रिकामी आणि तिच्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल ऐसपैस पसरलेला. नवा पाहुणा विचारतोच, ही जागा कोणाची? "घरच्या बाईमाणसाची," आप्पा म्हणतात. आणि घराकडं तोंड करून हाक मारतात, "वैनी, चला! जागा धरलीया!"

आतून सुनंदाचा आवाज येतो, "तुम्ही जाऊन या, आप्पा. तोवर माझा तांबडा-पांढरा रस्सा होतोय."

हे संभाषण मी दहा वर्षं ऐकतोय. शब्दाचा फरक नाही. आप्पा तरी हटत नाहीत. आणखी दोन मिनिटं थांबतात. चिमटा वाजवतात. पुन्हा हाक मारतात. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत तो रुमाल तसाच. पूल गेला की मग नाइलाजानं उचलतात आणि म्हणतात, "बसा पावणं पुढं कुणीतरी. आता काय येत न्हाईत त्या." मी समजायचो, ही कंडक्टरकीची खोड. पुढच्या थांब्याचं आरक्षण असल्यासारखं. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

वर पोचल्यावर आप्पांचं वेळापत्रक. तबक बाग पंधरा मिनिटं. अंधारबाव दहा, कारण आत थंड वाटतं आणि माणसं हलत नाहीत. अंबरखाना पंधरा. तीन दरवाजा वीस, फोटो धरून. झुणका-भाकर, ठेचा आणि दही हा 'जेवण थांबा', अर्धा तास. सज्जाकोठी शेवटी. फुलांचे दिवस असले तर मसाई पठार जादा, पण त्यासाठी माझ्या चेहऱ्याकडं बघून परवानगी काढावी लागते आणि मी चेहरा मुद्दाम वाईट ठेवतो. कोणी कुठं जरा रेंगाळलं, एखाद्या पायरीवर टेकलं, की टक्-टक्. "चला, गाडी सुटंल!" गाडी माझी. मी चालवणार. ती माझ्याशिवाय कशी सुटेल? पण पाहुणे धावतात. मीसुद्धा धावतो! माझ्याच गाडीसाठी मी किती वेळा धापा टाकत पळालोय याची मला आता लाजही वाटत नाही.

गडावरचे गाइड वेढ्याची गोष्ट सांगतात, महाराज भर पावसात कसे निसटले ते सांगतात, ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. तेवढ्यात आप्पा मध्येच, "आणि त्या खालच्या वळणावर आमच्या गाडीचा पट्टा तुटलता. अठ्ठावन्न प्रवासी, मुसळधार पाऊस. सगळी चालत आली वर!" गाइड रागानं बघतो. पाहुणे मात्र वळणाकडं बघतात. गेल्या साली पन्हाळ्याचं नाव जगाच्या वारशाच्या यादीत लागलं तेव्हा आप्पांनी गल्लीत पेढे वाटले, जणू अर्ज यांनीच भरला होता. मला पेढा देताना म्हणाले, "मास्तर, आता गर्दी वाढणार. लवकर निघाय लागंल." मी पेढा खाल्ला आणि पुढच्या सगळ्या रविवारांच्या नावानं पाणी सोडलं.

दिवाळीनंतर आप्पा पायरीवरून घसरले. गुडघ्याला मार बसला. डॉक्टरांनी चढ-उतार बंद सांगितला आणि मुलानं पुण्याहून फोन करून सांगितलं, पुरे झालं, या महिनाअखेर तुम्हाला न्यायला येतो, आता इकडंच राहायचं. गल्लीला वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण खरं सांगतो, त्याच्या खाली कुठंतरी अंथरुणात लोळायचा रविवारही दिसला. माणूस आहे मी.

आप्पांची मात्र वेगळीच घाई सुरू झाली. रोज संध्याकाळी काठी टेकत कुंपणाशी यायचे. "मास्तर, ह्या रविवारी कोण पावणं येणार हाय का? न्हाय? मग वैनींना घेऊन असंच जाऊ या की." मी म्हणायचो, बघू. पेपर तपासायचे आहेत, बघू. ते म्हणायचे, "गल्लीतलं तुमचं एकच घर ऱ्हायलंय." मी म्हणालो, "आप्पा, आमच्या घरचे तर सगळ्यात जास्त वेळा आलेत!" ते नुसते वळले. काठी टेकत गेले.

मग माझा सोलापूरचा मावसभाऊ सहकुटुंब आला. तो, त्याची बायको, दोन मोठ्या मुली. चौघंही अंगानं भरलेली. नेहमीसारखं रुमाल, चिमटा, हाक. नेहमीसारखा आतून तांबडा-पांढरा. मागं आप्पांसकट पाच जणं कोंबली, दार लागेना. भावाची बायको धुसफुसायला लागली. "रिकामी सीट असून आम्ही असं मरायचं का?" भाऊ माझ्याकडं बघायला लागला. आदल्या दिवशी मी शाळेच्या स्नेहसंमेलनात दहा तास उभा होतो. माझं डोकंच फिरलं. मी तो रुमाल उचलला, चुरगळला आणि मागं आप्पांच्या मांडीवर फेकला. "बस झाला आता पोरखेळ, आप्पा! ती येत नाही म्हणजे येत नाही. दहा वर्षांत कळू नये माणसाला?"

आप्पांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला. टक्-टक् नाही, 'गाडी सुटंल' नाही. वाघबीळ आलं तरी एक शब्द नाही. वळणावर पट्टासुद्धा तुटला नाही. वीस किलोमीटर एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आणि सांगू का, ती अजिबात सोसवली नाही.

वर पोचल्यावर पाहुणे गाइडबरोबर गेले. आप्पा म्हणाले, "तुम्ही जावा. माझा गुडघा दुखतोय." आणि एसटी स्टँडच्या बाकड्यावर जाऊन बसले. मी थोडा वेळ इकडंतिकडं केलं आणि शेवटी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "चुकलं माझं, आप्पा. बोलायला नको होतं."

"न्हाय वो. बरोबर हाय तुमचं." ते समोरच्या गाडीकडं बघत होते. "ह्याच बाकड्यावर सव्वीस वर्षं डबा खाल्लाय मी. मंडळी बांधून द्यायची. भाकरी, कोरड्यास, वर कांदा फोडून. संध्याकाळी डबा घासताना दररोज इचारायची, वर लई गार वारं असंल न्हवं? तिथनं काय दिसतंय वो? मी म्हणायचो, काय दिसतंय? डांबर दिसतंय."

त्यांनी काठी बाकड्याला टेकवून ठेवली.

"तिला पास हुता, मास्तर. एसटीचा, घरच्यांचा. कवाबी बसायचं माझ्या गाडीत आन् यायचं. म्हणायची, एक डाव न्या की. मी म्हणायचो, अगं, रोज तर जातोय, पन्हाळा काय पळून चाललाय व्हय? रिटायर झालो की जाऊ निवांत." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि गुडघ्यावर नीट पसरला. "रिटायर झालो जूनला. दसऱ्याच्या आधी ग्येली ती. आन् पन्हाळा बघा, हितंच हाय की."

समोरची एसटी निघाली. नवा कंडक्टर दार ओढून घेत होता.

"तवा ठरवलं, आपल्या गल्लीत तरी एकबी बाईमाणूस असं ऱ्हायला नगं. पावणं काय वो, पावणं निमित्त. पावणं आलं म्हंजे गाडी निघती. गाडी निघाली म्हंजे एक जागा धरायची. बाकी समद्या घरातल्या आल्या. तुमच्या घरच्या वैनीच तेवढ्या ऱ्हायल्या. आन् आता माझं महिनाअखेरला पुणं."

मी तावातावानं म्हणणार होतो, सुनंदानं पन्हाळा बघितलाय. बघितला असेलच! एकवीस वर्षं झाली लग्नाला. पण कधी, कोणाबरोबर, कुठल्या रविवारी, ते मला काही केल्या आठवेना. तिची मावशी आठवली, पदर खोचून गाडीत बसलेली. बाप गेला होता सुनंदाचा, आणि वारं खायला मी मावशीला नेलं होतं. ती घरात चहाची भांडी घासत होती. माझ्या रविवारांचं रडगाणं मी दहा वर्षं गायलो, तिचे रविवार कुठं गेले हे मला सुचलं नाही. लाज वाटली हो. खरंच लाज वाटली.

घरी आलो तर ती भाकऱ्या थापत होती. पाहुणे हात धुवायला गेले तेवढ्यात विचारलं, "काय गं, तू पन्हाळा बघितलायस ना?"

"बघितलाय की," ती म्हणाली. "खालनं."

"खालनं म्हणजे?"

"माहेरी बांबवड्याला जाताना वाघबिळापाशी दिसतो की एसटीतनं. खिडकीची जागा मिळाली तर चांगला दिसतो." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पुढच्या रविवारी आमच्याकडं कोणी पाहुणे नव्हते. मटण नव्हतं. सुनंदाला आदल्या दिवशी सांगितलं तर म्हणाली, "घरात कोणी आलेलं नाही, मग कशाला?" म्हटलं, आप्पा जाणार आहेत, त्यांना एकदा फिरवून आणू. आप्पांची गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती माझी नव्हती सांगायला. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, मग ते ठेवलं आणि रोजचं नेसली, मग पुन्हा हिरवं नेसली.

आप्पा सातलाच काठी घेऊन गाडीपाशी उभे. पुढच्या सीटवर रुमाल. सुनंदा दाराला कुलूप लावून आली तसा त्यांनी स्वतः रुमाल उचलला, त्यानं सीट झटकली आणि बाजूला सरकले. "बसा वैनी." मागं ते एकटेच, ऐसपैस, तरी कडेलाच अर्धे. टक्-टक् वाजलं. मला ते इतकं गोड वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

वाघबिळाला गाडी डावीउजवीकडं न बघता मी गडाकडं वळवली तेव्हा सुनंदानं मान मागं वळवून बांबवड्याच्या रस्त्याकडं बघितलं आणि मग समोर बघितलं. वर तबक बाग नाही, अंबरखाना नाही, आप्पा म्हणाले थेट सज्जाकोठी. पायऱ्या होत्या. मी त्यांचा दंड धरला, ते नको नको म्हणत चढले.

सुनंदा कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. वारा जोरात होता. तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि नुसती बघत राहिली. आप्पा एरवी इथं हातवारे करून हा डोंगर, तो डोंगर दाखवतात. आज गप्प. दहा मिनिटं झाली असतील. ती एकदम भानावर आल्यासारखी वळली आणि म्हणाली, "चला आप्पा, लई वेळ झाला. गाडी सुटंल."

दहा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेलं ते. तिच्या तोंडून ऐकून मला हसू येणार होतं, पण आप्पांचं तोंड बघितलं आणि आलं नाही.

"न्हाय सुटत, वैनी," ते म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून दगडी कट्ट्यावर पसरला. "बसा निवांत. गाडी आज कुठं जात न्हाय." चिमटा त्यांनी माझ्या हातात दिला, जरा धरा म्हणून, आणि गुडघा सरळ करत तिच्यापासून दोन हातांवर, दरीकडं पाठ करून बसले. "आन् तिथनं काय काय दिसतंय, ते मला सांगा."

सुनंदाला वाटलं, म्हाताऱ्याची नजर कमी झालीय. ती कौतुकानं सांगायला लागली. "समोर जोतिबाचा डोंगर हाय, आप्पा. खाली सगळा ऊस, तुरं आलेत पांढरं. एका ठिकाणी गुऱ्हाळ असणार, धूर निघतोय. रस्त्यावरनं एक लाल एसटी चाललीया, एवढीशी दिसतीया. आन् वारं लई गार हाय वर."

आप्पा डोळे मिटून एकेका गोष्टीला हं, हं म्हणत होते.